स्टिअरिंगवरचे बिघडलेले बटण घरी बदलता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०११ सालची टोयोटा कोरोला आल्टिस असून म्युझिक सिस्टिम मूळचीच आहे. स्टिअरिंगवरचे आवाज वाढवण्याचे बटण कधी मुळीच चालत नाही, तर कधी ते दाबल्यावर आवाज उलट कमी होतो. ‘पुढचे गाणे’ दाबले की काही वेळा मागचेच गाणे लागते. हॉर्न व्यवस्थित वाजतो आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला नाही. गॅरेजमध्ये ‘आतली कॉइल आणि स्विच, दोन्ही बदलावे लागतील’ असे सांगण्यात आले आहे. तेव्हा खरोखर दोन्ही बदलावे लागतील का, आणि हे काम घरी करता येईल का, असे प्रश्नकर्त्याला विचारायचे आहे.

काम घरी करता येईल. वर्णन केलेली लक्षणे पाहता कॉइलला हात लावण्याची गरज दिसत नाही आणि स्विचसुद्धा बहुधा नुसत्या साफसफाईने सुधारेल. मात्र ही बटणे एअरबॅगच्या शेजारी बसवलेली असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एअरबॅग उतरवावी लागते. विजेच्या दृष्टीने पाहिले तर हे मोटारीतल्या सर्वांत सोप्या कामांपैकी एक आहे, पण त्याची वाट एका स्फोटक वस्तूवरून जाते. म्हणून मी निदानावर सविस्तर लिहिणार आहे. निदान पक्के असेल तर एअरबॅग विनाकारण उघडावी लागत नाही, आणि उघडावी लागलीच तर ती एकदाच उघडावी लागते.

आधी ही बटणे काम कशी करतात ते पाहू. स्टिअरिंगवर सहा-आठ बटणे असली तरी प्रत्येकासाठी वेगळी तार नसते. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत सगळी बटणे दोन तारांवर आणि एका सामाईक तारेवर भागवलेली असतात, आणि प्रत्येक बटण दाबल्यावर त्या तारेवर ठरावीक रोध, म्हणजे रेझिस्टन्स, जोडला जातो. म्युझिक सिस्टिम त्या तारेवर विजेचा ठरावीक दाब, म्हणजे व्होल्टेज, देते आणि बटण दाबल्यावर तो किती उतरला, यावरून कोणते बटण दाबले गेले ते ओळखते. टोयोटाच्या पद्धतीत पहिल्या तारेवर कोणतेही बटण दाबलेले नसताना सुमारे १०० किलोओहम दिसतात. ‘पुढचे गाणे’ दाबल्यावर २.५ ओहमपेक्षा कमी, म्हणजे जवळजवळ शून्य, ‘मागचे गाणे’ दाबल्यावर सुमारे ३२९ ओहम, ‘आवाज वाढवा’ला सुमारे १००० ओहम आणि ‘आवाज कमी करा’ला सुमारे ३११० ओहम. यात पाच टक्के इकडेतिकडे चालते. मोडचे बटण आणि फोनची बटणे दुसऱ्या तारेवर असतात आणि तिथेही हेच आकडे त्याच क्रमाने वापरलेले असतात.

आता तुमची लक्षणे या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. बटणाच्या खाली रबराची पातळ चादर असते, तिच्या तळाला कार्बनची छोटी टिकली असते, आणि बटण दाबल्यावर ती टिकली सर्किट बोर्डावरच्या दोन पट्ट्यांना टेकते. हा स्पर्श स्वच्छ असेल तर तिथला रोध नगण्य असतो. वर्षानुवर्षे हाताचा घाम, क्रीम, धूळ आणि गेल्या काही वर्षांत सॅनिटायझर फटीतून झिरपत गेले की टिकलीवर आणि पट्ट्यांवर कीट धरते, आणि त्या किटाचा स्वतःचा रोध मूळ रोधात मिसळतो. ‘पुढचे गाणे’ या बटणाच्या जवळजवळ शून्य रोधात तीनशे-साडेतीनशे ओहमची भर पडली की म्युझिक सिस्टिमला ते ‘मागचे गाणे’ वाटते. ‘आवाज वाढवा’च्या हजारात दोन हजारांची भर पडली की तिला ‘आवाज कमी करा’ असे ऐकू येते. भर पडून बेरीज दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी आली, तर सिस्टिम काहीच करत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी अशा एकाच कारणातून निघतात.

या बिघाडाची दिशा ठरलेली असते, हे निदानात फार उपयोगी पडते. कीट रोध वाढवते, कमी करत नाही. त्यामुळे ‘पुढचे’ दाबल्यावर ‘मागचे’ लागेल, पण ‘मागचे’ दाबल्यावर ‘पुढचे’ कधी लागणार नाही. ‘मागचे’ दाबल्यावर अचानक आवाज वाढला तर तेही याच हिशेबात बसते. ‘आवाज कमी करा’ हे शेवटच्या पायरीवरचे बटण असल्याने ते चुकीचे काही करत नाही, थेट मुके होते. तुमच्या गाडीत चुका याच दिशेने होतात का, हे दोन-तीन दिवस लक्ष ठेवून पाहा. तसे असेल तर दोष बटणाच्या स्पर्शातच आहे, असे मी कोणतेही उपकरण न लावता सांगेन.

उलट दिशेचा बिघाडही असतो, पण तो वेगळा दिसतो. बोर्डावर ओल किंवा सांडलेल्या गोड पेयाचा थर असेल तर बटण न दाबताच दोन पट्ट्यांमध्ये थोडी वीज झिरपू लागते आणि विश्रांतीचे १०० किलोओहम घसरत घसरत काही हजारांवर येतात. तिथे सर्वांत जवळची पायरी ‘आवाज कमी करा’ ही आहे, म्हणून अशा गाडीत आवाज आपोआप कमी होत जातो. कोकणपट्टीत, विशेषतः पावसाळ्यात काचा बंद करून दिवसच्या दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही तक्रार पाहायला मिळते.

राहिला प्रश्न कॉइलचा. गॅरेजमध्ये जिला कॉइल म्हणतात, ती स्टिअरिंगच्या मागे बसवलेली चपट्या केबलची गुंडाळी असते. स्टिअरिंग फिरत असताना त्यावरच्या एअरबॅगला, हॉर्नला आणि बटणांना स्थिर भागातल्या वायरिंगशी जोडून ठेवणे हे तिचे काम. टोयोटात ती मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे अडीच फेरे फिरू शकते. ती केबल तुटली की सहसा एकापेक्षा जास्त गोष्टी बंद पडतात, म्हणजे हॉर्न वाजत नाही, एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि एका तारेवरची सगळी बटणे एकदम मुकी होतात. तुमचा हॉर्न वाजतो, दिवा विझलेला असतो आणि बटणे मुकी होण्याऐवजी चुकीची उत्तरे देतात. तुटलेली तार चुकीचे उत्तर देत नाही, ती गप्प बसते. कॉइल हा महागडा भाग आहे, तो बदलण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण उतरवावे लागते आणि नवी कॉइल मध्यावर न बसवल्यास पहिल्याच पूर्ण वळणावर तुटते. खात्री नसताना तो बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

खात्री करून घेण्याचा मार्ग एअरबॅगला हात न लावताही आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. बटणांच्या तारा शेवटी म्युझिक सिस्टिमच्या मागच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडण्याच्या प्लगमध्ये, येतात. इग्निशन बंद करून डॅशबोर्डवरची पट्टी अलगद सोडवा, सिस्टिमचे बोल्ट काढा, ती पुढे ओढा आणि मागचा कपलर काढा. वायरिंगच्या नकाशात टोयोटा या तारांना एसडब्ल्यू१, एसडब्ल्यू२ आणि एसडब्ल्यूजी अशी नावे देते, त्यापैकी शेवटची सामाईक. आता साधा डिजिटल मल्टिमीटर ओहमवर ठेवून गाडीच्या बाजूच्या कपलरमधल्या एसडब्ल्यू१ आणि एसडब्ल्यूजी यांच्यामध्ये मोजा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंगवरची बटणे एकेक करून दाबायला सांगा. प्रत्येक बटण नुसते दाबून न सोडता काही सेकंद दाबून धरायला आणि अंगठा थोडा हलवायला सांगा. चांगल्या बटणाचा आकडा लगेच स्थिरावतो. किटलेल्या बटणाचा आकडा भरकटतो. १४००, २१००, १२५० असा हेलकावे खातो, आणि जोर दिला की खाली उतरतो. हे एकदा मीटरवर पाहिले की मनात शंका उरत नाही.

त्याच जोडणीवर कॉइलचीही परीक्षा होते. एक चांगले बटण दाबून धरून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आल्टिसचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालणारे असल्याने इंजिन चालू ठेवलेत तर हे सोपे जाईल. आकडा जागचा हलला नाही तर कॉइल ठणठणीत आहे. ठरावीक कोनात आकडा गायब होत असेल, तर गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर आहे. विश्रांतीतही १०० किलोओहमऐवजी मीटर काहीच दाखवत नसेल, तर तार किंवा कपलर कुठेतरी सुटला आहे. मीटर आधी २०० किलोओहमच्या पट्टीवर लावायला विसरू नका, नाहीतर लहान पट्टीवर १०० किलोओहमसुद्धा ‘तुटलेले’ दिसतील.

ज्यांनी मूळची सिस्टिम काढून अँड्रॉइड स्टिरिओ बसवला आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या स्टिरिओच्या मागे बटणांसाठी दोन तारा असतात आणि कोणता रोध म्हणजे कोणते काम, हे त्याला सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून शिकवावे लागते. बॅटरी बदलल्यावर किंवा स्टिरिओ रिसेट झाल्यावर बटणे बंद पडली असतील, तर बहुतेक वेळा ही शिकवणी पुसली गेलेली असते. तिथे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी सेटिंग उघडून पाहावे.

आता मुख्य कामाकडे वळू. सर्वांत आधी, हे कोणी करू नये ते सांगतो. एअरबॅगचा दिवा आधीपासून पेटलेला असेल, गाडीला समोरून अपघात होऊन गेलेला असेल, किंवा गाडी जुनी घेतली असून आधीच्या मालकाने स्टिअरिंगमध्ये काय केले ते ठाऊक नसेल, तर हे काम घरी करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जा. जर्मनीसारख्या काही देशांत एअरबॅग हाताळायला स्फोटकांच्या कायद्याखाली प्रशिक्षण लागते, हे परदेशात राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावे. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पण त्याआधीच्या कित्येक स्वस्त मॉडेलांत ती नसते. अशा गाडीत पुढची निम्मी खबरदारी लागत नाही. तुमच्या गाडीत ती आहे, म्हणून ती सगळी लागेल.

एअरबॅग धडकेनंतर सुमारे ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, फुगते. तिच्या आत वायू तयार करणारे रसायन असते आणि ते पेटवायला विजेचा अगदी लहानसा झटका पुरतो. हा झटका देणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात. धडकेत बॅटरीची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून ते ऊर्जा साठवून ठेवतात. यामुळेच बॅटरी काढली म्हणजे धोका संपला असे होत नाही, कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो. टोयोटा किमान ९० सेकंद थांबायला सांगते, होंडा ३ मिनिटे. मी कोणत्याही गाडीत दहा मिनिटांच्या आत पुढे जात नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन. या वेळेत हत्यारे मांडून ठेवता येतात.

चाके सरळ असतील असे गाडी उभी करा, किल्ली काढून घ्या आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तार पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही अशी बाजूला बांधा किंवा कापडात गुंडाळा. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाऊ नये म्हणून काही जण सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये छोटी बॅटरी लावून ठेवतात. या कामात तसे मुळीच करू नका, कारण त्याने एअरबॅगचा पुरवठाही चालू राहू शकतो. सेटिंग नंतर दोन मिनिटांत लावता येते.

आल्टिसमध्ये स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना लहान प्लास्टिकची झाकणे असतात. ती पातळ, टेप गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरने अलगद काढा. आत सहा टोकांच्या खाचेचा टॉर्क्स स्क्रू दिसेल. आपल्याकडे मेकॅनिक त्याला स्टारचा स्क्रू म्हणतात. त्याला टी-३० मापाचा बिट लागतो. टी-२७ लावून ‘बसतोय की’ म्हणत जोर केला की खाच गोल होते आणि साधे काम वर्कशॉपमध्ये जाते. हे दोन स्क्रू पूर्ण बाहेर येत नाहीत आणि यायलाही नकोत. स्क्रूच्या अंगावर एक खाच कोरलेली असते, ती त्याच्या घरात अडकेपर्यंत सैल करायचे, एवढेच. तिथे पोहोचल्यावर स्क्रू मोकळा फिरतो पण बाहेर येत नाही, आणि एअरबॅगचे पॅड, म्हणजे एअरबॅग असलेला स्टिअरिंगचा मधला भाग, तुमच्याकडे सैल होते. अनेकांना इथे स्क्रू अडकला असे वाटते आणि ते पक्कडीने ओढायला जातात. स्क्रू अडकलेला नसतो, त्याची रचनाच तशी आहे.

ह्युंदाई, फोक्सवॅगन आणि इतर काही कंपन्यांच्या कित्येक गाड्यांत स्क्रूऐवजी स्प्रिंगची तार असते. तिथे स्टिअरिंगच्या मागच्या छिद्रांतून बोथट दांडी घालून ती तार बाजूला ढकलावी लागते. छिद्र कुठे आणि ढकलायचे कोणत्या दिशेला, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच करावे. अंदाजाने खुपसत बसू नये.

पॅड सुटले की ते झटकन ओढू नका, मागे तारा आहेत. एका हाताने धरून थोडे वाकवा आणि मागे पाहा. पिवळा कपलर एअरबॅगचा, दुसरी छोटी तार हॉर्नची. पिवळ्या कपलरला वेगळे कुलूप असते. पातळ टोकाने ती कडी आधी उचला आणि मगच कपलर सरळ ओढा. तो वेगळा होताच आतली छोटी धातूची पट्टी एअरबॅगच्या दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडते, म्हणजे स्थिर विजेने तिला झटका बसू नये. या कपलरमध्ये काहीही घालू नका, आणि मल्टिमीटर तर कधीच लावू नका. एअरबॅगच्या पेटवणीचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम असतो, आणि तो मोजण्यासाठी मीटर जी वीज सोडते ती एअरबॅग पेटवायला कारण ठरू शकते. आतापर्यंत ओहम मोजण्याचेच काम चालले असल्याने हात सवयीने तिकडे जातो, म्हणून हे इतके स्पष्टपणे लिहीत आहे.

उतरवलेले पॅड कंपनीचे चिन्ह असलेली दर्शनी बाजू अंगापासून दूर ठेवून उचला. ठेवताना ती बाजू नेहमी वर असावी, वर काही ठेवू नये आणि जवळ ऊन, हीटर किंवा मुले नसावीत. पॅड पालथे ठेवले असताना उघडले, तर धातूचा जड मागचा भाग छताच्या दिशेने उडतो. सुलटे असेल तर पिशवी मोकळ्या हवेत फुगते. गाडीच्या मागच्या सीटवर ते सुलटे ठेवले आणि दार लावून घेतले, तर काम संपेपर्यंत ते सुरक्षित राहते.

इथून पुढे सोपे आहे. बटणांची असेंब्ली छोट्या फिलिप्स स्क्रूंनी स्टिअरिंगच्या सांगाड्याला बसवलेली असते. डावी-उजवी बाजू बहुधा एकाच वायरिंगने जोडलेली असते, म्हणून एकाच बाजूचे बटण खराब असले तरी पूर्ण संच काढावा लागतो. वायरिंग कोणत्या खाचेतून आणि कोणत्या कडीखालून गेले आहे याचे फोटो काढून ठेवा. बसवताना ते पॅडखाली चिमटले गेले तर हॉर्न सतत वाजत राहण्यापासून बटणांच्या तारा कापल्या जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

नवा संच मागवण्याआधी जुना उघडून साफ करा, असा माझा आग्रह आहे. मागचे लहान स्क्रू काढा, बटणांच्या टोप्या क्रमाने कागदावर मांडा आणि रबराची चादर उचला. बोर्डावरच्या पट्ट्या आणि कार्बनच्या टिकल्या दोन्ही दिसतील. बिघडलेल्या बटणाखालची पट्टी बाकीच्यांपेक्षा मळकट असते, तिच्यावर पिवळसर चिकट कड किंवा काळपट डाग असतो, आणि टिकलीवर एक चकचकीत गोल उमटलेला असतो. धागे न सोडणारे कापड किंवा कान पुसायची कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आधी पट्ट्या, मग टिकल्या पुसा. टिकल्यांवर जोर करू नका, कार्बनचा थर पातळ असतो. सॅनिटायझर वापरू नका, कारण त्यात ग्लिसरीन असते आणि त्यातूनच हा थर पुन्हा बसतो. पेट्रोल, थिनर आणि तेलकट स्प्रे हेही बाजूला ठेवा. तेलकट स्प्रेने दोन दिवस सुधारल्यासारखे वाटते, पण मग धूळ दुपटीने चिकटते. पॉलिश पेपर तर नकोच. पट्टीवरचा मुलामा घासून गेला की ती पुन्हा लवकर काळी पडते.

सगळे पूर्ण कोरडे झाल्यावर, पुन्हा बसवण्याआधी, संचाच्या कपलरवर मीटर लावून प्रत्येक बटण मोजा. इथे टोयोटाच्या नकाशातली नावे एयू१, एयू२ आणि सामाईक ईएयू अशी आहेत. वर दिलेले आकडे पाच टक्क्यांच्या आत आणि स्थिर आले तर नवा भाग घेण्याची गरज नाही. टिकली इतकी झिजली असेल की हलक्या स्पर्शाने आकडा येत नाही, तर वीजवाहक रंगाने ती दुरुस्त करण्याची किट मिळते. पण स्टिअरिंगवरच्या सतत दाबल्या जाणाऱ्या बटणात ती टिकेल अशी माझी अपेक्षा नसते. तिथे संच बदलावा.

संच घेताना गाडीचा चासिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. दिसायला सारखे संच आतून वेगळे असू शकतात, कारण फोनची बटणे असलेले आणि नसलेले, क्रूझ कंट्रोलचे कपलर असलेले आणि नसलेले असे प्रकार असतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग पाहत असाल, तर मीटर सोबत न्या आणि दुकानातच आकडे मोजा. तेवढ्या पाच मिनिटांत माल ओळखता येतो, आणि चांगला दुकानदार मोजू देतो. वापरलेला स्विचचा संच घ्यायला हरकत नाही. मात्र त्याच दुकानात ‘पूर्ण स्टिअरिंग एअरबॅगसकट स्वस्तात’ मिळत असेल तर ते घेऊ नका. त्या एअरबॅगने पाणी पाहिले आहे की अपघात, हे बाहेरून कळत नाही, आणि कधीकधी झाकणाखाली एअरबॅग नसतेच.

तुमच्यापेक्षा बऱ्याच नव्या गाड्यांत ही बटणे रोधाच्या पायऱ्यांऐवजी स्टिअरिंगमधल्या छोट्या सर्किटमार्फत डिजिटल संदेश पाठवतात. तिथे ओहम मोजून काही कळत नाही आणि काही गाड्यांत नवा संच स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटशी जोडायच्या यंत्राने, ओळखवून द्यावा लागतो. अशा गाडीत निदानासाठी वर्कशॉप गाठणेच बरे.

बसवताना उलटा क्रम. संच स्क्रूंनी घट्ट करा, वायरिंग फोटोप्रमाणे जागेवर लावा, हॉर्नची तार जोडा, आणि पिवळा कपलर ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत बसवून त्याची कडी दाबा. कडी सपाट बसली नाही तर कपलर पूर्ण आत गेलेला नाही, असे समजा. पॅड जागेवर ढकलून दोन्ही टॉर्क्स स्क्रू आळीपाळीने घट्ट करा. टोयोटा यासाठी ८.८ न्यूटन-मीटर जोर सांगते. म्हणजे मनगटाने नीट घट्ट, पण अंगाचा भार टाकून नाही. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच आहे त्यांनी तो इथे जरूर वापरावा. पॅडभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे ना, ते पाहा आणि झाकणे लावा.

आता महत्त्वाचा क्रम. इग्निशन बंद, गाडीत कोणी नाही, आणि मगच बॅटरीची तार जोडा. त्यानंतर सीटवर न बसता, दारातून बाजूने हात घालून आणि चेहरा स्टिअरिंगसमोर न आणता इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा साधारण सहा सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझला की हॉर्न वाजवा, प्रत्येक बटण तपासा आणि दिवे लावून बटणांमागचा प्रकाश पाहा. घड्याळ लावा. चालकाकडच्या काचेचे ‘ऑटो’ बंद पडले असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण धरून ठेवले की बहुधा ते परत येते. त्याची नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

दिवा विझला नाही किंवा मुळीच लागला नाही, तर इग्निशन बंद करून, बॅटरी पुन्हा काढून, तेवढाच वेळ थांबून पिवळा कपलर पुन्हा पाहा. बहुतेक वेळा कडी अर्धवट बसलेली सापडते. एअरबॅग सुटी असताना इग्निशन एकदा जरी चालू केले गेले असेल, तर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बी१८०० किंवा बी१८०१ असा दोषाचा कोड साठतो आणि कपलर नीट बसवल्यावरही दिवा राहू शकतो. तो कोड पुसायला एअरबॅग सिस्टिम वाचू शकणारा स्कॅनर लागतो. मोबाईलला जोडायचे साधे ओबीडी यंत्र बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचते. असा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्या आणि कोड पुसण्याआधी तो वाचून कागदावर लिहून घ्यायला सांगा. पुसल्यानंतर तोच कोड परत आला, तर कपलर किंवा कॉइलमध्ये खरा दोष आहे, आणि तो सापडेपर्यंत धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच असे गृहीत धरून गाडी चालवू नका.